चौथ्या ताटाचं माप

४ नोव्हेंबर

ताई,

आठ महिने एक ओळ नाही आणि आता पत्र येतंय ते कामासाठी. तू शिव्या देणार हे मला ठाऊक आहे. त्या देऊन घे आणि मग पुढचं वाच.

मी बरा आहे. दोन शहरं फिरलो, एका फर्निचरच्या कारखान्यात चार महिने काढले. तिथे दिवसभर एकाच मापाचे दोनशे पाय कापायचे आणि खुर्ची शेवटी कशी दिसते ते कुणी बघायचंच नाही. कंटाळून सोडलं. आता एका घरी असं काम मिळालंय की बाबा असते तर स्वतः हत्यारांची पेटी उचलून आले असते. जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या, सगळं हातानं, एकही खिळा नाही. लाकूड त्यांच्याकडेच वीस वर्षं सावलीत वाळत पडलं होतं. काम करायला मागची काचेची पडवी दिली आहे, राहायला माळ्यावरची खोली, आणि दोन्ही वेळचं जेवण घरचं.

घरात माणसं तीन. मालकीणबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या, कपड्यांना एक सुरकुती नाही. त्यांची मुलगी शाळेत शिकवते, तिला मी मास्तरीणबाई म्हणतो आणि तिला ते आवडत नाही. जावई चष्मे बनवतात. त्यांना घरजावई म्हटलेलं ऐकू येत नाही, बाकी सगळं ऐकू येतं. चौथी खुर्ची धाकट्या मुलाची. तो बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो आलाच नाही. कुठे गेला, आहे की नाही, कुणाला माहीत नाही.

संध्याकाळी सातला ही तिघं जेवायला बसतात आणि ताटं मांडतात चार. आधी धाकट्याच्या ताटात वाढायचं, मग बाकीच्यांनी सुरुवात करायची. मीठ त्याच्यापुढे असलं तर 'जरा देतोस का' असं म्हणून मग उचलायचं. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवतो, तिथून दारातून सगळं दिसतं. पहिल्या दिवशी मी घास हातात धरून नुसता बघत होतो. आता सवय झाली आहे.

तर काम असं, की त्यांची जुनी ताटं-वाडगे फुटत आले आहेत आणि नव्या टेबलावर नवी हवी आहेत. मातीची, हातानं केलेली, प्रत्येकाला त्याची वेगळी. मी म्हटलं माझी बहीण करते, तिच्यासारखं कुणी करत नाही. हे खरं आहे म्हणून म्हटलं, तुला मस्का लावायला नाही.

आईला माझं काही सांगू नको. विचारलंच तर सांग की जिवंत आहे.

तुझा
रंध्या


१५ नोव्हेंबर

रंध्या,

शिव्या देऊन झाल्या. चाकावर बसूनच दिल्या, त्यात एक चांगला गोळा वाया गेला.

आईला सांगू नको म्हणतोस, पण पत्र तिनेच टपालपेटीतून काढलं. अक्षर ओळखलं, माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाली, जेवतोय का तेवढं बघ.

आता तुला सांगायलाच हवं. तू भरल्या ताटावरून उठून गेलास त्या दिवसापासून ती जेवायला टेबलाशी बसलेली नाही. ओट्यापाशी उभ्यानं दोन घास खाते, तेही मी डोळे वटारले तर. तुझ्या हाताला बाबांच्या हाताची सर नाही, असं ती म्हणाली ती तिची चूकच. पण बाबांना जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते, ती दगडालाही काही बोलली असती. तू पेटी उचलून गेलास आणि ती तुझं ताट दोन दिवस झाकून त्याच्याजवळ बसून होती. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही, माणसांत बसवून जेवायला घाला. अकरा किलो उतरली आहे, रंध्या. अंगठी आता दोरा गुंडाळून घालते.

माणसांत बसवायचं म्हणजे कुणात बसवू? मी एकटी पुरत नाही. मी समोर बसले की ती तुझ्या खुर्चीकडे बघते आणि ओट्याकडे वळते. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. ये, टेबलाशी बस, पोटभर जेव, तिला बसलेली बघ. माफी कुणी कुणाची मागायची नाही, आपल्या घरात ती रीतच नाही.

ताटं करते. चौघांचा डावा पंजा कागदावर टेकवून पेन्सिलनं आखून पाठव. वाडगा डाव्या तळहातात बसला पाहिजे आणि ताटाची कड अंगठ्याखाली आली पाहिजे, हे तुला सांगायला नको. धाकट्याचा हात तू कुठून आणणार ते तूच बघ. जुना हातमोजा असेल तरी चालेल.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आईचं वाचून जेवण गेलं नाही, एवढंच लिहितो. काम जानेवारीच्या मध्यावर संपेल, ते संपवून येतो. अर्धं टेबल टाकून आलो तर बाबा स्वप्नात येऊन गुण्या फेकून मारतील.

चार पंजे सोबत आहेत. खुर्च्यांची मापं झाली. बाबांची गाठींची दोरी घेऊन एकेकाला बसवलं. गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत, बैठकीपासून कोपरापर्यंत. जावयांना गुदगुल्या होतात हे त्यात कळलं. मास्तरीणबाई मोजताना म्हणाल्या, धाकट्याच्या खुर्चीला माप कशाला, कुठलीही करा. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं. चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत. धाकट्याच्या शेवटच्या रेघेखाली त्यांनी मला पाठ टेकवून उभं केलं. रेघ बरोब्बर डोक्याला लागली. मग त्या माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, 'अगदी तुमच्याच अंगाचा होता तो. तुमचंच माप धरा.'

म्हणून चौथी खुर्ची माझ्या मापाची केली. काम सोपं झालं. करताना मध्येच बसून बघता येतं.

आणखी एक गंमत. माझं स्टूल परवा मोडलं, सुताराच्या बुडाखाली. मालकीणबाई म्हणाल्या, दुरुस्त होईपर्यंत बाहेर बसा. बाहेर जागा एकच रिकामी. मग काय, बसलो. आधी माझ्या ताटात वाढलं, मग सगळ्यांनी सुरुवात केली. जावयांनी मला 'जरा देतोस का' म्हणून मीठ मागितलं आणि मी दिलं. बारा वर्षांनी कुणीतरी खरंच मीठ सरकवलं, म्हणून त्यांचा हात थांबला असावा. मालकीणबाई पहिल्यांदा हसल्या.

स्टूल दुरुस्त करायला दहा मिनिटं लागतील. करतो एक दिवस.

तुझा
रंध्या


७ डिसेंबर

रंध्या,

मला आंधळी समजतोस का? चौथा पंजा तुझा आहे. करवतीनं खाल्लेली अर्धी करंगळी कागदावर अशी उमटली आहे की मला तो दिवस आठवून कसंतरी झालं. धाकट्याचीही करंगळी करवतीनं खाल्ली होती का?

तू बाबांचा नियम विसरलास की मुद्दाम मोडलास? आपल्या मापाची वस्तू करून दुसऱ्याच्या घरात ठेवायची नाही. मॉडेल म्हणूनसुद्धा नाही. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर स्वतः कधी टेकत नसत, शेजारच्या शिंप्याला बोलावून बसवत. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, 'खुर्ची ज्याच्या मापाची, त्याची ती वाट बघते.' तेव्हा हसले होते, म्हणून मीही हसले. आता तुझं पत्र हातात धरून तसं हसू येत नाही.

हे वेडेपण वाटत असेल तर वाटू दे, पण एवढं कर. चौथ्या खुर्चीचे पाय बोटभर कापून टाक. तुला एक इंच कमी पडली की झालं. मीही चौथं ताट आणि वाडगा तुझ्या पंज्याचा केलेला नाही. दोन बोटं मोठा धरला आहे. तुझ्या हातात तो ढगळ बसेल. कुणी विचारलं तर सांग, बहिणीचा हात चुकला. माझी बदनामी झाली तरी चालेल.

आणि आजच्या आज ते स्टूल दुरुस्त कर.

आई रोज विचारते, आज त्यानं काय खाल्लं असेल. मी मनाला येईल ते सांगते. काल बटाटे सांगितले तर म्हणाली, त्याला बटाट्यानं जळजळतं, त्या लोकांना कुणी सांगितलं असेल का. मग स्वतःचा घास खाली ठेवला.

ताई


३० डिसेंबर

ताई,

ताटं पोचली, एकही फुटलं नाही. तू भुश्यात इतकी घट्ट भरली होतीस की काढायला मालकीणबाईंना आणि मला अख्खी सकाळ लागली. झिलईचा तो राखी-निळा रंग टेबलाच्या लाकडावर असा दिसतो की त्या बराच वेळ नुसता हात फिरवत राहिल्या.

टेबल झालं. चारही खुर्च्या झाल्या. तू सांगितलंस म्हणून चौथीचे पाय बोटभर कापले. मग बसून पाहिलं तर पाय तसेच सपाट टेकले, गुडघे काटकोनात. मला वाटलं कमी कापले असतील, म्हणून दोरी लावली. बोटभरच कापले होते. वाडगाही तू मोठा केलास म्हणतेस, पण माझ्या तळहातात तो अगदी बसतो. तुझा हात खरंच चुकला असेल आणि मूळ मापाचाच झाला असेल.

पहिलं जेवण परवा झालं. सगळे नवे कपडे घालून बसले. मालकीणबाईंनी माझ्या ताटात वाढलं आणि बाकीचे थांबले. इथे जेवताना कुणी खोड काढत नाही, ताई. हात कसा धरलास, किती उरवलंस, बाबा कसे जेवत, काही नाही. पोट भरतं आणि अंग जड होतं. स्टूल दुरुस्त करायचं राहिलंच, आता त्याची गरजही नाही.

मास्तरीणबाईंनी काल भांडी पुसताना हळूच सांगितलं की जेवण झालं की तुमचं ताट तुम्ही स्वतः उचलून मोरीत ठेवत जा, तो कधी ठेवत नसे. का, ते सांगितलं नाही. मी हो म्हटलं, पण जेवल्यावर लक्षात राहत नाही.

एक विचारायचं होतं. आपलं टेबल खिडकीकडच्या भिंतीला होतं की दाराकडच्या? दोन दिवस आठवून बघतोय. थंडीत करंगळी ठणकायची, तीही यंदा ठणकली नाही.

तुझा भाऊ


८ जानेवारी

रंध्या,

तू सहीत 'तुझा भाऊ' लिहिलंस. आठ महिन्यांनी लिहिलेल्या पत्रातही रंध्या होतास.

आपलं टेबल भिंतीला नाही. खोलीच्या मधोमध आहे. बाबांना चारी बाजूंनी माणसं बसलेली लागत, म्हणून कपाट बाहेर काढून त्यांनी ते मध्ये ठेवलं. तू आठ वर्षांचा होतास आणि कपाटाची एक बाजू तू धरली होतीस.

आता ऐक. तुझं काम संपलं आहे, आता पाहुणचारही संपव. सोमवारी आई ओट्यापाशी उभी असताना खाली बसली ती उठलीच नाही. मी आणि शेजारच्या बाईंनी मिळून पलंगावर नेली. डॉक्टरांनी सुई लावली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की असंच चाललं तर उन्हाळा दिसणार नाही. हे मी भीती घालायला लिहीत नाही. त्यांनी जसं सांगितलं तसं लिहिलं.

परवापासून तिनं एक नवीन काढलं आहे. अंगात त्राण नाही, तरी संध्याकाळी धरून धरून टेबलापर्यंत येते आणि तुझं ताट मांडते. त्यात वाढते आणि उभी राहते. मी म्हटलं, आई, तो इथे नाही, तर म्हणाली, वाढलेलं असलं की येतं माणूस. तुझ्या मालकीणबाईंचं सगळं मीच तिला वाचून दाखवलं होतं, आता पस्तावते आहे.

वीस तारखेच्या आत निघ. कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. निघायच्या दिवशी तिथे जेवू नकोस.

ताई


१९ जानेवारी

ताई,

उद्या निघतो. पेटी भरून दाराशी ठेवली आहे, कोट त्याच्यावर ठेवला आहे. मालकीणबाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, जेवून जा, उपाशी कुणी घरातून जाऊ नये. नाही म्हणवलं नाही. रात्रीची बस आहे, सातला जेवून सहज मिळेल.

आईला सांग मी येतोय. परवा संध्याकाळपर्यंत पोचेन. माझं ताट मांडून ठेवा.

भाऊ


२७ जानेवारी

मालकीणबाई,

नमस्कार. आपली ओळख फक्त ताटा-वाडग्यांची, तरी आज मोकळेपणानं लिहिते आहे.

माझा भाऊ एकवीस तारखेच्या संध्याकाळी सुखरूप पोचला. आईनं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, त्याच वेळी दारात आला. पेटी ठेवली, हात धुतले आणि सरळ ताटावर बसला. आई समोर बसली. दहा महिन्यांनी बसली. तो सगळं जेवला, मागून घेऊन जेवला, आणि तिनंही दोनदा वाढून घेतलं. मी काय लिहू? तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल. इतके दिवस तुम्ही त्याला सांभाळलंत त्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

खरं सांगायचं तर मी जरा खुळी झाले होते. तो आल्यावर मी आधी त्याची करंगळी पाहिली. ती अर्धीच आहे. मग माझं मलाच हसू आलं.

एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्याला तिकडे ताप वगैरे येऊन गेला का? प्रवासाचा शीण असेल, पण तो थोडा वेगळा वागतो. मीठ कुठे असतं ते विचारावं लागलं. बाबांचा रंधा हातात घेतला आणि लाकडाच्या रेषांच्या उलट ओढला. लाकूड ओरबाडलं तरी कळलं नाही, नवशिक्यालाही कळतं. मी रंध्या म्हटलं की वळून बघत नाही, आईनं बाळ म्हटलं की लगेच बघतो. जेवल्यावर ताट तसंच ठेवून उठतो. आमच्याकडे प्रत्येकानं आपलं ताट उचलायचं, हे तो लहानपणापासून करत आला आहे.

बाकी स्वभावानं फार मऊ झाला आहे. आईचा शब्द खाली पडू देत नाही. हे चांगलंच आहे, पण आमच्या घरात असं कुणी नव्हतं.

तुम्ही कृपा करून कळवा.

सुताराची बहीण


५ फेब्रुवारी

ताई,

मालकीणबाईंना लिहिलेलं तुझं पत्र मी वाचलं. मास्तरीणबाईंनी चोरून आणून दिलं. मी इथेच आहे.

आधी एवढं बघ, अक्षर माझंच आहे ना? मला ते कुणाकडून तरी ऐकायचं आहे.

वीस तारखेला मी जेवलो. शेवटचा वाडगा खाली ठेवला आणि उठणार तर उठलो नाही. कुणी धरलं नव्हतं. खुर्ची इतकी बरोबर होती की उठायला कुठून जोर लावायचा तेच सापडेना. सकाळी धाकट्याच्या खोलीत जागा झालो. खाली आलो तर दाराशी पेटी नव्हती, कोट नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, सुतार काल गेले, भला माणूस होता. जावयांनी मला चष्मा बसवून दिला. धाकट्याला लागायचा, आणि ताई, त्यातून मला स्वच्छ दिसतं.

मला घरात फिरता येतं, पडवीपर्यंत जाता येतं. बाहेरच्या दाराशी गेलो की जेवायची वेळ झालेली असते. कुठल्याही वेळी गेलो तरी.

परवा जेवताना डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी पुरी आहे. नखासकट.

मास्तरीणबाई म्हणतात की जोवर तो तिकडे जेवतोय तोवर मी इकडे जेवणार. ताट तुम्ही वाढता म्हणून तो तिथे आहे. एकदा, फक्त एका संध्याकाळी, त्याला वाढू नका. तो उठेल आणि त्याच्या घरी येईल, आणि मला इथून उठता येईल. मास्तरीणबाईंना त्यांचा भाऊ हवा आहे आणि मला माझं घर. एका जेवणाचा प्रश्न आहे. आईला समजावून सांग.

मी भांडलो, उद्धट बोललो, ते सगळं मान्य. मला ते दुखणारं बोट परत हवं आहे. मला आईनं नावं ठेवलेली चालतील. लवकर कर, मला कपाटाची बाजू धरलेली आता आठवत नाही. तू लिहिलंस म्हणून माहीत आहे, एवढंच.

रंध्या, रंध्या, रंध्या. विसरू नये म्हणून तीनदा लिहिलं.


१६ फेब्रुवारी

रंध्या,

अक्षर तुझंच आहे. ते ओळखलं आणि पत्र हातात घेऊन मी भट्टीपाशी बसून राहिले. भट्टी विझली तरी उठले नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. आलेल्या माणसाचं सगळं तुझं आहे, केसांचा भोवरासुद्धा, आणि त्यात तू नाहीस. तरी मी रोज समोर बसून जेवत होते. दहा महिन्यांनी आई बसली होती आणि मी काही बोलले तर ती उठेल अशी मला भीती होती. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुझ्या बाजूनं उभी राहिले. तो बाहेर अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. मी आईच्या हातातून पळी घेतली आणि म्हटलं, आज त्याला वाढायचं नाही. मग पत्र वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. करंगळीचं वाचताना माझा आवाज गेला, तिथे ती थांबली माझ्यासाठी.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला वेडी म्हणेल. ती शांतपणे म्हणाली, 'मला पहिल्या घासाला कळलं. माझं पोर घास असा चावत नाही.'

मी म्हटलं, मग वाढतेस कशाला?

'तो ताटावरून उठत नाही,' म्हणाली.

मी खूप बोलले. म्हटलं, तुझा मुलगा तिकडे अडकला आहे, तुझ्या एका जेवणावर त्याची सुटका आहे. ती म्हणाली, तो येईल, चार दिवस बसेल, मी काहीतरी बोलेन, कारण माझं तोंड मला ठाऊक आहे, आणि तो परत पेटी उचलेल. दुसऱ्यांदा मी उठू शकणार नाही. आणि तिकडे त्याला कुणी बोलत नाही ना? पोटभर देतात ना? मी हो म्हटलं. तूच तसं लिहिलं होतंस, रंध्या. इथे जेवताना कुणी खोड काढत नाही, असं.

पळी माझ्या हातात होती. तो हात पुसत आत आला, ताटावर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. तो मागत नव्हता, नुसता थांबला होता. त्यालाही बारा वर्षं कुणी समोर बसून वाढलं नसेल, असं माझ्या मनात आलं. आई खुर्ची धरून उभी होती. तिचा दंड आता पुन्हा दंडासारखा दिसतो, अंगठीचा दोरा तिनं काढून टाकला आहे. मला एवढंच करायचं होतं, की पळी खाली ठेवायची. तीन-चार मिनिटं मी ती धरून उभी होते. तेवढा वेळ तुला तिकडे काही वाटलं का? खुर्ची सैल झाली का? वाटलं असेल तर ते खरं होतं. तेवढा वेळ मी तुझी होते.

मग मी वाढलं. माझ्या हातानं वाढलं, आईनं नाही. तिला दोष देऊ नकोस.

आता रोज तिघं जेवतो. त्याला मी सुतारकाम शिकवते आहे, मला येतं तेवढं. हात बरा आहे त्याचा. मी तुला पुन्हा लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. आलंच पत्र तर ते न वाचता भट्टीत टाकेन, कारण वाचलं तर मी पुन्हा पळी धरून उभी राहीन आणि पुन्हा वाढेन, आणि ते दुसऱ्यांदा मला सोसणार नाही.

हे लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, लिही, वेळेवर जेवत जा.

ताई